विलिस कॅरियर : हवेचे पाणी जोखणारा इंजिनियर

आषाढाची झड लागली म्हणजे आपल्या गडहिंग्लजच्या घराघरांतून काही गोष्टी ठरल्याप्रमाणे घडू लागतात. मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, काडेपेटीतील काडी कितीही ओढली तरी पेट घेत नाही, डब्यातला पापड मऊ पडतो, गुळाच्या ढेपेला पाणी सुटते आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांची पाने फुगून कडांशी वळतात. वैशाखात याच्या उलट प्रकार होतो. जे लाकडी दार पावसाळ्यात खांदा लावल्यावाचून मिटत नसे, तेच चौकटीत सैल पडून वाऱ्याने आपटू लागते. आपण याला हवेचा गुण म्हणतो आणि स्वस्थ बसतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी सातासमुद्रांपलीकडे एका छापखान्यातील कागद असाच फुगू व आकसू लागला असता एक पंचवीस वर्षांचा तरुण इंजिनियर स्वस्थ बसला नाही. त्याने केलेल्या खटपटीतून हवा हवी तशी थंड, उष्ण, ओली किंवा कोरडी करण्याचे शास्त्र जन्मास आले. त्या तरुणाचे नाव विलिस हॅविलंड कॅरियर. हे आडनाव आज पुष्कळांना दुकानाच्या भिंतीवरील यंत्रावर कोरलेली अक्षरे म्हणून तेवढे ठाऊक आहे. त्यामागे एक हाडामांसाचा, विसराळू आणि विलक्षण चिकाटीचा मनुष्य होता हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क संस्थानात ईरी नावाच्या विशाल सरोवराच्या काठी अँगोला म्हणून एक लहानसे गाव आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात २६ नोव्हेंबर १८७६ रोजी विलिसचा जन्म झाला. तो आईबापांचा एकुलता एक मुलगा. घरात आजीआजोबा होते, पण बरोबरीचे भावंड कोणी नव्हते. त्यामुळे खेळ शोधावयाचा तो आपला आपणच. वडील शेती व दूधदुभते पाहत. आईचे नाव एलिझाबेथ. या बाईला यंत्रांची मोठी आवड असे. घरातील घड्याळ बंद पडो की शिवणाचे यंत्र अडो, ती स्वतः ते उघडून, पुसून, जुळवून पुन्हा चालते करी.

विलिस नऊ वर्षांचा असताना शाळेत अपूर्णांक आले आणि त्याची गाडी रुतली. निमे म्हणजे काय, पाव म्हणजे काय, पावात निमे किती वेळा जाईल, हे त्याला काही केल्या उमजेना. आईने त्याला रागे न भरता तळघरातून टोपलीभर सफरचंदे आणावयास सांगितली. मग मायलेक सुरी घेऊन बसले. एकाचे दोन भाग, दोहोंचे चार, चारांचे आठ. ते भाग पुन्हा जुळवावयाचे, एकातून दुसरा काढावयाचा. तासाभरात जे पाटीवर दिसत नव्हते ते हातात दिसू लागले. पुढे जगन्मान्य झाल्यावरही कॅरियर ही गोष्ट सांगत असे, आणि कोणताही प्रश्न सोडविण्याची रीत आपण त्या दिवशी शिकलो असे मानीत असे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ साली, आई वारली. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

पुढची वर्षे ओढगस्तीची गेली. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी आली. शेतमालाला भाव राहिला नाही आणि कॅरियर कुटुंबाच्या शेतीवर कर्जाचा बोजा चढला. विलिसला कॉर्नेल विद्यापीठात जाऊन इंजिनियर व्हावयाचे होते, पण पैसा कोठून आणावयाचा? त्याने काही काळ खेड्यातील शाळेत मास्तरकी केली, मग बफेलो शहरातील हायस्कुलात राहून अभ्यास पुरा केला आणि स्पर्धेच्या परीक्षेत यश मिळवून संस्थानची शिष्यवृत्ती संपादन केली. शिष्यवृत्तीतून फी भागे. पोटाची सोय आपली आपण पाहावी लागे. म्हणून तो लोकांच्या अंगणातील गवत कापी, थंडीत त्यांच्या भट्ट्यांत कोळसा टाकी, खाणावळीत वाढप्याचे काम करी. पुढे एका सोबत्यास घेऊन त्याने विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन देण्याचा धंदाही चालविला. अशा रीतीने १९०१ साली तो पदवीधर झाला. पदवी मात्र विजेच्या शास्त्रातील होती. हवेविषयी त्याला कोणी काही शिकविले नव्हते, कारण शिकविण्याजोगे शास्त्रच तेव्हा तयार नव्हते.

त्याच वर्षी बफेलो फोर्ज नावाच्या कारखान्यात त्याला आठवड्याला १० डॉलर पगारावर जागा मिळाली. त्या वेळच्या हुंडणावळीने हे सुमारे तीस रुपये होतात. हा कारखाना मोठमोठे पंखे व हवा तापविण्याची यंत्रे करीत असे. या यंत्राची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. लोखंडी नळ्यांचे एक वेटोळे असे. त्यातून कढत वाफ खेळविलेली असे. वेटोळ्याच्या एका अंगाला पंखा असे. पंखा हवा ढकली, हवा तप्त नळ्यांना घासून जाताना तापे, आणि मग पत्र्याच्या रुंद नळकांड्यांतून कारखान्यात किंवा लाकूड वाळविण्याच्या कोठीत जाई. अमुक इतकी हवा तापविण्यास किती नळ्या लागतील, पंखा केवढा असावा, हे सारे अजमासाने ठरे. चूक होऊ नये म्हणून कारागीर दुप्पट सामान बसवून मोकळे होत.

कॅरियरला हा अजमास रुचला नाही. दिवसाचे काम आटोपल्यावर तो रात्री बसून मोजमापे घेऊ लागला. वाफेचे उष्णतामान किती, हवेचा वेग किती, बाहेर पडणारी हवा किती तापली, याची कोष्टके त्याने तयार केली. त्या कोष्टकांप्रमाणे काम करू लागताच एका हिवाळ्यात कारखान्याचे ४०,००० डॉलर वाचले. मालकांनी संतुष्ट होऊन त्याला एक लहानशी प्रयोगशाळा काढून दिली.

येथवर सारे काम हवा तापविण्याचे होते. १९०२ साली त्याच्यापुढे उलट्या तऱ्हेचा प्रश्न आला. कारखान्याच्या न्यूयॉर्क येथील कचेरीत आयर्विन लायल नावाचा एक हुशार विक्रेता होता. तो पुढे कॅरियरचा जन्माचा सोबती झाला. त्याच्याकडे ब्रुकलिन भागातील सॅकेट आणि विल्हेल्म्स या शिळाप्रेसचे गाऱ्हाणे आले. या छापखान्यात 'जज' नावाचे विनोदी सचित्र साप्ताहिक छापले जात असे. रंगीत चित्र छापावयाचे म्हणजे एकच कागद यंत्रातून अनेकदा काढावा लागतो. एकदा पिवळा रंग, एकदा तांबडा, एकदा निळा. सोमवारी पिवळा रंग दिला आणि मंगळवारी हवा दमट झाली की कागद केसभर फुगे आणि तांबडा रंग आपल्या जागी बसत नसे. गालाची लाली कानावर जाई. आपल्याकडच्या जुन्या कॅलेंडरांवरील देवादिकांच्या चित्रांत मुकुटाचा सोनेरी रंग मुकुटाबाहेर सांडलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे दुखणे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आधीचे दोन उन्हाळे छापखान्याने कसेबसे काढले होते. कागद वाया जात होता आणि अंक वेळेवर निघत नव्हते.

पुष्कळांनी हा प्रश्न उष्म्याचा म्हणून पाहिला असता. कॅरियरने ओळखले की गुन्हेगार उष्मा नसून हवेत न दिसणारे पाणी हा आहे. मग ते पाणी काढावे कसे? प्रथम त्याने मिठासारख्या एका क्षाराच्या द्रावणात भिजविलेले तरटाचे कापड फिरते ठेवून त्यावरून हवा सोडून पाहिली. हवा कोरडी झाली खरी, पण तिच्याबरोबर क्षारही येऊ लागला. छापखान्यात असली हवा सोडणे म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. तो प्रयोग त्याने सोडून दिला.

तेव्हा त्याची नजर पुन्हा आपल्या जुन्या वेटोळ्याकडे वळली. उन्हाळ्यात गार पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला म्हणजे थोड्या वेळाने त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमतात हे सर्वांनी पाहिले आहे. लहान मुलांना वाटते तांब्या गळतो. वस्तुतः ते पाणी तांब्यातले नसते, हवेतले असते. गार धातूला स्पर्श होताच हवा थंड होते, आणि थंड हवेच्या पोटात उष्ण हवेइतके बाष्प मावत नाही. जास्तीचे बाष्प ती दवाच्या रूपाने टाकून देते. ज्या उष्णतामानाला हे होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. कॅरियरने काय केले? ज्या वेटोळ्यातून कढत वाफ जात असे त्याच वेटोळ्यातून त्याने थंड पाणी सोडले. पंखा, नळ्या आणि नळकांडी यांची ठेवण तीच राहिली. बदलले ते नळीतून वाहणारे द्रव्य. आता पंख्याने ढकललेली हवा नळ्यांवर आपले पाणी ठेवून पुढे जाऊ लागली. सरकारी हवामानखात्याची दवबिंदूची कोष्टके समोर घेऊन त्याने पाणी किती थंड असावे, हवा किती वेगाने जावी आणि नळ्या किती असाव्यात याचे गणित मांडले.

छापखान्यासाठी काढलेल्या त्याच्या नकाशांवर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. वेटोळ्याचे दोन भाग होते. एकात खोल विहिरीचे गार पाणी आणि दुसरा अमोनियाच्या शीतयंत्राला जोडलेला. दोहोंचा मिळून थंडावा रोज १,०८,००० पौंड बर्फ वितळल्याने मिळावा इतका होता. हिवाळ्यात ७० अंश फॅरनहाइट आणि उन्हाळ्यात ८० अंश, म्हणजे आजच्या मापाने २१ ते २७ अंश सेल्सिअस, इतके उष्णतामान राहावे, आणि हवेतील आर्द्रता बाराही महिने शेकडा ५५ असावी, अशी योजना होती. हिवाळ्यात हवा फार सुकू नये म्हणून वाफ सोडण्याची भोके पाडलेल्या नळ्याही तीत होत्या. एकाच सामानाने थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देण्याची ही युक्ती आज कोणास साधी वाटेल. साध्या गोष्टी पुष्कळदा अशाच असतात. सांगितल्यावर वाटते, हे तर आपणही केले असते.

स्वतः कॅरियरचे मात्र समाधान झाले नव्हते. बाष्पाचे प्रमाण याहून काटेकोर राखता आले पाहिजे असे त्याला वाटत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्ग शहराच्या स्टेशनावर तो रात्री गाडीची वाट पाहत येरझारा घालीत होता. फलाटावर दाट धुके उतरले होते. आपली हिरण्यकेशी जेथे उगम पावते त्या आंबोलीस पावसाळ्यात जो गेला असेल त्याला असले धुके ठाऊक आहे. चार हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि घाम आला नसताना अंगरखा ओला होतो. इतर उतारू गाडीच्या उशिराबद्दल कुरकुरत असतील. कॅरियरच्या मनात आले की ही हवा बाष्पाने काठोकाठ भरलेली आहे, तरी थंडी असल्यामुळे तिच्यात एकंदर पाणी थोडेच आहे. मग आपणच हव्या त्या उष्णतामानाचे धुके तयार केले तर? हवा थंड पाण्याच्या तुषारांतून न्यावी. ती त्या उष्णतामानाला मावेल तेवढेच पाणी घेऊन बाहेर पडेल. नंतर ती किंचित तापविली की कोरडी हवा हाती येईल. पाण्याने हवा धुऊन कोरडी करावयाची ही कल्पना ऐकणाऱ्यास वेडगळ वाटावी अशी होती. पण गणित बिनचूक होते. या तुषारयंत्राच्या पेटंटासाठी त्याने १९०४ साली अर्ज केला आणि २ जानेवारी १९०६ रोजी ते त्यास मिळाले.

या ठिकाणी एक आठवण देण्याचा मोह होतो. १९०२ सालच्या त्याच सुमारास आपले जमशेटजी टाटा पोलादाच्या कारखान्याची माहिती मिळविण्यासाठी अमेरिकेत हिंडत होते, आणि त्या शोधात त्यांचा संबंध पिट्सबर्गच्याच तज्ज्ञांशी आला. जमशेटजींना हवेतील पाण्याचे महत्त्व कोणी सांगावयास नको होते. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा विदर्भाच्या कोरड्या हवेत सूत तडातड तुटते याचा अनुभव त्यांनी घेतला होता, आणि गिरणीत हवा ओलसर ठेवण्याची यंत्रे त्यांनी आणविली होती. सुताला ओलावा लागतो. आपल्या जिल्ह्यातील इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून तेथील मागवाल्यांच्या घरीही हे ज्ञान आहे.

कॅरियरच्या तुषारयंत्राला पहिली मोठी मागणी आली ती सुतगिरण्यांकडूनच. १९०६ साली उत्तर कॅरोलायना प्रांतातील एका गिरणीत ते बसविताना त्याला आढळले की हजारो चात्या फिरताना स्वतःच इतकी उष्णता निर्माण करतात की तिचा हिशेब आधी मांडल्यावाचून हवेचे प्रमाण राहणे शक्य नाही. तेव्हापासून प्रत्येक कामात तो यंत्रे, माणसे, दिवे आणि उन्हे या साऱ्यांच्या उष्णतेची बेरीज आधी करू लागला. तंबाखू, औषधे, मिठाई, छायाचित्रांच्या फिती असे कित्येक धंदे त्याच्याकडे धाव घेऊ लागले. १९०७ साली त्याचे यंत्र जपानमध्ये योकोहामा येथील एका रेशमाच्या गिरणीपर्यंत पोहोचले. १९११ च्या डिसेंबरात त्याने अमेरिकेतील यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे आपली सूत्रे मांडली. हवेचे उष्णतामान, तिच्यातील बाष्प आणि दवबिंदू यांचा परस्परसंबंध त्यात असा उलगडून दाखविला होता की त्यावरून काढलेला आलेख आजही जगभर या विषयाच्या विद्यार्थ्यांपुढे असतो. सफरचंदे कापून अपूर्णांक शिकलेल्या मुलाने हवेचेही असे भाग पाडून दाखविले.

कीर्ती अशी वाढत असताना एकाएकी पायाखालची वाळू सरकली. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. कारखान्याच्या चालकांनी आवराआवर करण्याचे ठरवून हवेच्या कामाची शाखा मिटविली. कॅरियरची स्वतःची नोकरी राहणार होती, परंतु त्याने जमविलेल्या तरुण इंजिनियरांना निरोप मिळणार होता. अशा वेळी पगाराला चिकटून राहणे कोणासही गैर वाटले नसते. त्याने आणि लायलने आणखी पाच जणांस बरोबर घेतले, सातांनी आपापली पुंजी गोळा केली, ती ३२,६०० डॉलर भरली, आणि जून १९१५ मध्ये स्वतःची मंडळी स्थापन केली. स्वतःचा कारखाना नाही, यंत्रे दुसऱ्याकडून विकत घ्यावयाची, विकावयाचे ते आपल्या डोक्यातील ज्ञान, अशी त्यांची सुरुवात होती. घरचे दिवसही सुखाचे नव्हते. पहिली पत्नी क्लेअर १९१२ साली निवर्तली होती.

एकाग्रता ही त्याची शक्ती आणि तीच त्याची खोड होती. एकदा प्रवासास निघताना त्याने भली मोठी पेटी बरोबर घेतली, आणि मुक्कामी उघडून पाहतो तो आत एक हातरुमाल तेवढा, अशी गोष्ट त्याच्याविषयी सांगतात. जेवता जेवता तो कागदावर आकडे मांडू लागे आणि समोरचे अन्न निवून जाई. अशा माणसाशी संसार करणे सोपे नसावे. हे त्याच्या चरित्रकारांनी फारसे लिहिलेले नाही, पण वाचणाऱ्यास जाणवल्यावाचून राहत नाही.

आतापर्यंत हवेची सोय होत होती ती मालाची, माणसांची नव्हे. त्याला कारणही होते. थंडावा निर्माण करणारी यंत्रे अवाढव्य असत आणि त्यांतील अमोनियासारखे वायू विषारी. ते जेथे माणसांची गर्दी आहे तेथे ठेवणे धोक्याचे. १९२२ साली कॅरियरने एक नवे शीतयंत्र जगापुढे आणले. पंपाचे चक्र जसे पाणी भिरकावते तसे त्यातील चक्र शीतद्रव्याची वाफ वेगाने दाबी. यंत्र पुष्कळ लहान झाले आणि त्यात पूर्वीपेक्षा निर्धोक असे द्रव्य वापरता आले. १९२४ साली डेट्रॉइट येथील एका मोठ्या दुकानाच्या तळघरात अशी तीन यंत्रे बसली. स्वस्ताईच्या दिवशी त्या दुकानात इतकी झुंबड उडे की उकाड्याने गिऱ्हाइके घेरी येऊन पडत; यंत्रे बसल्यावर ते थांबले.

नंतर आली नाटकसिनेमांची पाळी. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील चित्रपटगृहे ओस पडत, कित्येक तर बंदच ठेवीत. १९२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस टाइम्स चौकातील रिव्होली चित्रपटगृहात कॅरियरचे यंत्र प्रथम सुरू व्हावयाचे होते. पॅरामाउंट कंपनीचे धनी अडॉल्फ झुकर मुद्दाम पाहावयास आले होते. नेमका त्या दिवशी यंत्र जुळविण्यास उशीर झाला. दारे उघडली, लोक आत शिरले, आणि यंत्र तर नुकते कुठे सुरू झालेले. सवयीप्रमाणे सर्वांनी हातपंखे आणले होते. सारे प्रेक्षागृह पंख्यांच्या फडफडीने भरून गेले. कॅरियर व त्याचे सहकारी मागे उभे राहून घाम पुशीत होते, आणि तो घाम केवळ उकाड्याचा नव्हता. एवढ्या लोकांच्या अंगची उष्णता काढावयास वेळ लागणारच. हळूहळू एका रांगेतले पंखे थांबले, मग दुसऱ्या रांगेतले. शेवटी एकही पंखा हलेना. झुकर बाहेर आले तेव्हा त्यांचे समाधान झालेले होते. पाच वर्षांच्या आत अमेरिकेतील शेकडो चित्रपटगृहांत गारवा आला. १९३३ साली मुंबईस कुलाब्यात रीगल चित्रपटगृह उघडले, ते थंड हवेच्या सोयीसह. तिकिटाचे पैसे चित्रापेक्षा गारव्यासाठी मोजणारे रसिक त्या काळी मुंबईतही असतीलच.

१९२८ च्या सुमारास कॅरियरने घरगुती यंत्रही बाजारात आणले, परंतु लागलीच महामंदी आली. घर राखण्याची जेथे पंचाईत तेथे घर गार कोण करतो? मंडळी स्वतःच बुडण्याच्या बेतास आली आणि १९३० साली दुसऱ्या दोन कारखान्यांशी एक होऊन तगली. या पडत्या काळातही प्रयोग थांबले नाहीत. गगनचुंबी इमारतींना हवा पुरविणे हा त्याच्यापुढील मोठा प्रश्न होता. शंभर खोल्यांना एका ठिकाणाहून थंड हवा न्यावयाची म्हणजे पत्र्याची नळकांडी इतकी रुंद लागत की भाड्याने देण्याची जागाच त्यांत जाई. जुन्या इमारतीत तर ती घुसविण्यास वावच नसे. १९३९ साली त्याने यावर तोड काढली. तळघरात पाणी थंड करावयाचे व ते बारीक नळांतून प्रत्येक खिडकीखालच्या पेटीत न्यावयाचे, पेटीत वेटोळे, आणि अरुंद नळीतून जोराने आलेली थोडी ताजी हवा खोलीतील हवेला ओढून त्या वेटोळ्यावरून फिरविणार. एका घनफूट पाण्यात हवेपेक्षा हजारो पटींनी अधिक उष्णता वाहून नेण्याची शक्ती असते. म्हणून हातभर रुंद नळकांड्याचे काम अंगठ्याएवढी पाण्याची नळी करते. हिवाळ्यात त्याच नळीतून ऊन पाणी सोडता येई. सदतीस वर्षांपूर्वी ब्रुकलिनच्या छापखान्यात केलेली युक्ती आता प्रत्येक खिडकीखाली येऊन बसली.

दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलंड येथे विमानांची परीक्षा करण्यासाठी उंच आकाशातील गोठविणारी थंडी जमिनीवर निर्माण करण्याचे काम त्याने अंगावर घेतले, आणि ते आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड काम होते असे तो म्हणे. पुढे हृदयविकाराने तो थकला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे देहावसान झाले. ज्या शहरात त्याने दहा डॉलरवर नोकरी धरली त्या बफेलोत त्याचे दफन झाले. त्याच्या विद्येने दिले तसे घेतलेही. थंड केलेल्या खोलीची उष्णता रस्त्यावरच टाकली जाते, विजेचा खप वाढतो, आणि शीतयंत्रांतील काही वायूंनी वातावरणातील ओझोनचा थर झिजविल्यामुळे १९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांना करार करावा लागला. हे सारे त्याच्या एकट्याच्या नावे मांडणे न्यायाचे होणार नाही. परंतु जमेबरोबर खर्चही वाचला पाहिजे.

आता त्या खिडकीखालच्या पेटीविषयी थोडेसे, कारण तिचे धाकटे भावंड आज घरोघरी शिरत आहे. हवेच्या झोताऐवजी पेटीत एक लहानसा विजेचा पंखा बसविला की तिला फॅन कॉइल म्हणतात. आपल्यापैकी ज्यांचे आप्त अमेरिकेतील थंड प्रांतांत किंवा विलायतेत जुन्या घरांत राहतात, त्यांनी तेथील भिंतीशी बिडाचे जाड रेडिएटर पाहिले असतील. त्यांतून हिवाळ्यात ऊन पाणी फिरते. उन्हाळे कडक होऊ लागले तसा गृहस्थ विचार करतो की नळ भिंतीत आहेतच, तर त्यांतून थंड पाणी का सोडू नये? कॅरियरने वाफेऐवजी पाणी सोडले तसेच हे दिसते. पण येथे आपला ओट्यावरचा तांब्या आठवावा. थंड पाणी येताच बिडाच्या रेडिएटरवर दव धरते, जमीन भिजते. आणि त्याहून वाईट म्हणजे भिंतीच्या पोटातले उघडे नळ गुपचूप ठिबकू लागतात व गिलाव्याला बुरशी चढते.

म्हणून जाणता कारागीर प्रथम नळ पाहतो. निव्वळ वाफेसाठी टाकलेली एकेरी नळी कामाची नाही. पाणी येण्याची एक व परतण्याची एक अशा दोन हव्यात. जेथे जेथे नळ गेला तेथे तेथे त्याला बंद पोताच्या रबरी गवसणीने असे लपेटावे लागते की हवेचा नळाला स्पर्शच होऊ नये. जुना रेडिएटर काढून त्या जागी तांब्याच्या बारीक नळ्या व ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असलेले वेटोळे आणि त्याचा पंखा बसवितात. पंखा असल्यामुळे हिवाळ्यात पाणी पूर्वीइतके कढत लागत नाही. जेथे ७० ते ८० अंश सेल्सिअस लागे तेथे ४५ अंशांच्या आसपास भागते, आणि इतके ऊन पाणी उष्णतापंपातून स्वस्तात मिळते. तोच पंप उन्हाळ्यात उलटा चालून सुमारे ७ अंशांचे थंड पाणी देतो. दव नको म्हणून कोणी पाणी दवबिंदूच्या वर ठेवले तर ठिबकणे थांबते खरे, परंतु मग हवा गार होऊनही ओलीच राहते, आणि खोलीत बसणाऱ्यास आषाढातल्या मिठाच्या बरणीसारखे वाटू लागते. तेव्हा दव पडू द्यावयाचे, फक्त त्याची वाट लावून द्यावयाची. यासाठी वेटोळ्याखाली पत्र्याची एक उथळ ताटली किंचित कलती बसवितात. तिच्या खालच्या कोपऱ्याला एक बोटभर नळी जोडलेली असते, आणि हवेतून निघालेले पाणी थेंबाथेंबाने त्या नळीवाटे मोरीत जाते.